कर्व्हला एस का पडतो? सेंद्रिय सोलर सेलमधला इलेक्ट्रोडचा सांधा

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. आयटीओच्या (पारदर्शक वाहक लेपाच्या) काचेवर झिंक ऑक्साइड, त्यावर प्रकाश शोषणारे पीएम६ (पॉलिमर) आणि वाय६ (लहान रेणू) यांचे मिश्रण, वर मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि शेवटी चांदी, अशी उलटी रचना (इलेक्ट्रॉन खालून, काचेकडून बाहेर पडतात; सरळ रचनेत वरून) ते बनवतात. ओपन सर्किट व्होल्टेज ०.७६ व्होल्ट, करंट २३ मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर, फिल फॅक्टर (ओपन सर्किट व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किट करंट यांच्या गुणाकाराचा जेवढा भाग प्रत्यक्ष पॉवर म्हणून मिळतो तो) ४८ टक्के. म्हणजे एफिशियन्सी साडेआठच्याही आत. करंट-व्होल्टेजच्या कर्व्हला शेवटाकडे एस अक्षरासारखा बाक येतो. गाइड म्हणतात पीडीआयएनएन मागवा, सीनियर म्हणतो पीएफएन-बीआर मागव. हे दोन्ही पदार्थ इलेक्ट्रोडपाशी पातळ थर द्यायला वापरतात. इंटरफेस (इलेक्ट्रोड आणि मधले मिश्रण यांचा सांधा) सुधारायला यातले नेमके काय घ्यावे?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: तूर्तास काहीच मागवू नका. पीडीआयएनएन मुख्यतः सरळ रचनेत वापरतात, अ‍ॅक्टिव्ह लेअरच्या (मधल्या मिश्रणाच्या) वर आणि चांदीच्या खाली, इलेक्ट्रॉन बाहेर काढायला. तुमच्या रचनेत वरची बाजू होलची (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरणाऱ्या धन चार्जची) आहे. तिथे ते लावले तर आहे तो सेलही जाईल. पीएफएन-बीआर झिंक ऑक्साइडवर चालते, पण दोष खालच्या सांध्यात आहे हे ठरले तरच. तुमचा खरा प्रश्न 'कोणता थर' हा नाही. दोन सांध्यांपैकी कोणता अडतोय आणि का, हा आहे. मी सोळा-सतरा वर्षे हे सेल बनवतो आणि विद्यार्थ्यांकडून बनवून घेतो. या प्रश्नाचे उत्तर न शोधता मागवलेल्या बाटल्यांनी आमच्या फ्रीजचा एक अख्खा कप्पा भरला आहे.

आता तुमचे आकडे बघू. २०१९ साली वाय६ पहिल्यांदा जाहीर झाले तेव्हा सरळ आणि उलट्या, दोन्ही रचनांत १५.७ टक्के मिळाले होते. साधारण ०.८३ व्होल्ट, २५ मिलिअँपिअर आणि ७५ टक्के फिल फॅक्टर. शेजारी तुमचे आकडे ठेवा. करंट फार मागे नाही. व्होल्टेज सत्तर मिलिव्होल्टने कमी आहे. फिल फॅक्टरची मात्र पार वाट लागली आहे. याचा अर्थ प्रकाश शोषला जातोय, चार्ज सुटाही होतोय, पण बाहेर पडताना दारात अडतोय. हे अर्थात अनुमान आहे. अ‍ॅक्टिव्ह लेअर दीडशे-दोनशे नॅनोमीटर झाला असेल, क्लोरोनॅफ्थलीन (द्रावणात टाकायचा पूरक द्रव) अर्ध्या टक्क्याच्या जागी दीड टक्का पडले असेल किंवा शंभर-एकशे दहा अंशांचे अ‍ॅनीलिंग (थर तापवून बसवणे) राहून गेले असेल, तरी फिल फॅक्टर पडतो. पण तेव्हा कर्व्ह सहसा नुसताच तिरका होतो. एस पडला की माझी नजर आधी सांध्याकडे जाते.

सांध्याला एवढे महत्त्व का, हे कळायला थोडे मागे जावे लागेल. १९८६ मध्ये तांग यांनी कोडॅकमध्ये जो दोन थरांचा सेल केला, त्याची एफिशियन्सी एक टक्क्याच्या आसपास होती. पण त्यात एक सोय आपोआप होती: डोनर (इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ) एका इलेक्ट्रोडला टेकलेला आणि अ‍ॅक्सेप्टर (घेणारा) दुसऱ्याला. कोणता चार्ज कुठून जाणार, हे थरच ठरवत होते. १९९५ नंतर दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात मिसळून एकच थर टाकायची पद्धत रूढ झाली. चार्ज सुटायला ते फारच उत्तम, पण आता दोन्ही पदार्थ दोन्ही इलेक्ट्रोडना टेकतात. इलेक्ट्रॉन चुकीच्या दारात गेला की तिथे होलशी गाठ पडून दोघेही संपतात. म्हणून दारात राखणदार बसवावा लागतो. झिंक ऑक्साइड आणि मॉलिब्डेनम ऑक्साइड हे तुमचे दोन राखणदार. चुकीच्याला अडवणे आणि बरोबरच्याला विनाविलंब सोडणे, ही दोन्ही कामे त्यांना करायची असतात. पहिल्यात कसूर झाली की व्होल्टेज पडते, दुसऱ्यात झाली की फिल फॅक्टर. तुमच्याकडे दोन्ही थोडे थोडे दिसतेय.

एसचे कारण असे. व्होल्टेज ओपन सर्किटच्या जवळ सरकते तसे सेलच्या आतले विद्युतक्षेत्र कमी होत जाते. दार मोकळे असेल तर तेवढ्या क्षेत्रातही चार्ज निघून जातो. दारात अडथळा असेल तर तो तिथे साठतो आणि उरलेसुरले क्षेत्र साठलेल्या जागीच खर्ची पडते. मग मागच्या चार्जला ओढणारे काहीच उरत नाही. टोलनाक्यावर एकच खिडकी उघडी असली की रात्री काही कळत नाही, शनिवारी सकाळी रांग घाटापर्यंत जाते, तसेच. म्हणून शॉर्ट सर्किटचा करंट ठीक दिसतो आणि खोड शेवटाकडे उघडी पडते.

आता कोणता सांधा हे शोधायचे. यासाठी यूपीएस (अतिनील फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी), केल्व्हिन प्रोब वगैरे यंत्रांची वाट बघू नका. दुसऱ्या संस्थेत नंबर लावून महिना जातो, आणि हवेतून नेलेल्या नमुन्याचे वर्क फंक्शन (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) नेमके कशाचे मोजले यावर पुन्हा वाद होतात. आधी अंधारातला कर्व्ह घ्या. उलट्या व्होल्टेजला अंधारातही तेवढाच उतार असेल तर तो शंट (करंटची चोरवाट) आहे, म्हणजे धूळ, भोके, कडेचे ओरखडे. अंधारात सपाट आणि उजेडात तिरका असेल तर चार्ज गोळा होताना मरतोय. सरळ दिशेने एक व्होल्टच्या पुढेही करंट नीट चढत नसेल, तर आत सोडतानाही अडथळा आहे किंवा सिरीज रेझिस्टन्स जास्त आहे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि निम्मे विद्यार्थी ते करत नाहीत.

दुसरी चाचणी माझी आवडती. तयार सेल दिव्याखाली ठेवा आणि लगेच पहिला कर्व्ह घ्या. मग दिवा न विझवता दोन, पाच, दहा आणि वीस मिनिटांनी घेत राहा. आमच्याकडे एका मुलीने हे पहिल्यांदा केले तेव्हा मी तिच्या मागेच उभा होतो. पहिल्या कर्व्हला ठसठशीत एस होता. दुसऱ्या मिनिटाला पोट जरा आत गेले, पाचव्याला नुसती खाच उरली, आणि दहाव्या मिनिटाला पाठ्यपुस्तकात छापावा असा कर्व्ह. ती म्हणाली, "सर, सेल बरा झाला." मी तिला तोच सेल रात्रभर हवेत ठेवायला सांगितले. सकाळी एस पुन्हा हजर. मग दिव्यासमोर चारशे नॅनोमीटरखालचे सगळे अडवणारा पिवळसर फिल्टर धरून तिने तेच केले. वीस मिनिटे झाली तरी एस जागचा हलला नाही.

तुमच्याकडे असेच घडले तर गुन्हेगार झिंक ऑक्साइड आहे, आणि तो चुकीचा पदार्थ म्हणून नव्हे. त्याच्या कणांच्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि मोकळे इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. थराची वाहकता घटते, सांध्यावर अडथळा उभा राहतो. झिंक ऑक्साइडचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) ३.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ३७५ नॅनोमीटरच्या आसपास. त्याहून लहान तरंगलांबीचा प्रकाश पडला की आत होल तयार होतात, ते चिकटलेला ऑक्सिजन सोडवतात आणि इलेक्ट्रॉन मोकळे होतात. दाराला तेल घातल्यासारखे होते. ऑक्सिजन परत आला की दार पुन्हा करकरते. इथे एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: तुमचा सिम्युलेटर (सूर्यप्रकाशासारखा दिवा) झेनॉनचा आहे की एलईडीचा? झेनॉनच्या दिव्यात अतिनील भरपूर असते, बऱ्याच एलईडी दिव्यांत ते जवळपास नसतेच. एकाच ट्रेमधला सेल एका दिव्याखाली चांगला आणि दुसऱ्याखाली वाईट दिसला, तर सेलला दोष देण्याआधी दिवा बघा.

मग रोज दहा मिनिटे अतिनील दाखवून मोजावे का? पेपरसाठी लोक करतात. वाय६ किंवा आयटीआयसीसारख्या नॉन-फुलरीन (फुलरीन या गोल कार्बन रेणूऐवजी वापरायच्या) अ‍ॅक्सेप्टरच्या बाबतीत मला ते धोक्याचे वाटते. अतिनील प्रकाशात झिंक ऑक्साइड फोटोकॅटलिस्ट म्हणून वागते आणि या रेणूंच्या मधल्या भागाला टोकाशी जोडणारा दुहेरी बंध तोडू लागते. जे औषध दार उघडते तेच घर पोखरते. फुलरीनच्या जमान्यात हा त्रास एवढा जाणवत नव्हता, म्हणून जुन्या पेपरातली रेसिपी डोळे झाकून उचलू नये.

झिंक ऑक्साइडच्या बाबतीत मी काय करतो ते सांगतो. सर्वत्र चालणारी सोल-जेल (द्रावणातून थर बनवायची) रेसिपी तुम्हाला माहीत असेलच: एक ग्रॅम झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेट, दहा मिली टू-मेथॉक्सीइथेनॉल, ०.२८ ग्रॅम इथेनॉलअमाइन, रात्रभर ढवळायचे. झिंक आणि अमाइन मोलच्या हिशेबाने जवळपास एकास एक पडतात. अमाइन थेंबाथेंबाने टाकताना वजन चुकते, म्हणून मी बाटली काट्यावरच ठेवून टाकायला लावतो. काम फ्युम हूडमध्येच करा, हे द्रावक प्रजननसंस्थेला घातक आहे. थर तीस-चाळीस नॅनोमीटर, हवेत दोनशे अंशांवर तासभर. हवेतली थोडी वाफ या प्रक्रियेला लागतेच, ग्लोव्ह बॉक्समध्ये (हवा-पाणी दूर ठेवणाऱ्या बंद पेटीत) अ‍ॅनील करून फार शुद्धपणा दाखवायचा नसतो. पण जुलैत पुण्यात, आणि कोकणात तर विचारूच नका, आर्द्रता ऐंशी-नव्वदवर गेली की स्पिन करता करताच (काच फिरवून द्रावण पसरवताना) थर दुधाळ होतो. आमची एक अख्खी पावसाळी बॅच अशी गेली आणि आम्ही तीन आठवडे पॉलिमरच्या लॉटला शिव्या घालत होतो. स्पिन कोटरच्या खोलीत दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक लावल्यावर भांडण मिटले. आता आकडा पन्नासच्या वर असला की आम्ही झिंक ऑक्साइड टाकत नाही, चहा घेतो.

अ‍ॅनील झालेली काच हॉटप्लेटवरून काढून टेबलावर ठेवायची आणि जेवून यायचे, हा दुसरा प्रकार. तासाभरात तिच्यावर पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि शेजारच्याने उघडलेल्या बाटलीची वाफ, सगळे बसते. काच गरम असतानाच ग्लोव्ह बॉक्सच्या अँटेचेंबरमध्ये गेली पाहिजे. आणि त्याही आधी आयटीओ खरेच स्वच्छ आहे का ते बघा. साबणपाणी, डीआय (आयनविरहित) पाणी, अ‍ॅसिटोन, आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल), प्रत्येकी पंधरा मिनिटे सोनिकेट, मग पंधरा-वीस मिनिटे यूव्ही-ओझोन, हे सगळेच लिहितात. मी शेवटी एका जादा काचेवर हळूच तोंडाची वाफ सोडतो. स्वच्छ काचेवर वाफ एकसारखी, जवळजवळ न दिसणारी बसते आणि कडेपासून सरळ रेषेत उडते. कुठे ठिपके, डाग किंवा बोटाची कड उमटली तर ट्रे परत साबणात. या चाचणीला पैसे पडत नाहीत, फक्त वाफ सोडलेली काच सेलसाठी वापरायची नाही.

एवढे करूनही एस राहिला तर झिंक ऑक्साइडवर अतिपातळ थर द्यायला हरकत नाही, आणि इथे तुमच्या सीनियरचे पीएफएन-बीआर चालेल. मिथेनॉलमध्ये मिलीला अर्धा मिलिग्रॅम, थर पाच नॅनोमीटरच्या आसपास. तो पृष्ठभागावर द्विध्रुवांची रांग लावतो आणि वर्क फंक्शन खाली आणतो. दहा-पंधरा नॅनोमीटर झाला की तोच अडथळा बनतो, म्हणून 'जरा जाड टाकू, झाकले जाईल' हा विचार नको. पीईआयई नावाचे स्वस्त पॉलिमर २०१२ पासून याच कामासाठी गाजले. जवळपास कोणत्याही वाहकाचे वर्क फंक्शन ते खाली ओढते, तेही हवेत. फुलरीनसोबत मी ते वर्षानुवर्षे आनंदाने वापरले. पण त्यातले अमाइन नॉन-फुलरीन अ‍ॅक्सेप्टरच्या टोकाच्या, इलेक्ट्रॉन ओढणाऱ्या गटांवर हल्ला करतात आणि सांध्यापाशी रेणूच बदलून जातो. वाय६ खाली ते उघडे ठेवू नका. टिन ऑक्साइडचे नॅनोकण हा दुसरा रस्ता: बँडगॅप मोठा, फोटोकॅटलिसिसचा त्रास कमी. थर एकसारखा टाकणे मात्र जास्त कटकटीचे.

समजा लाइट-सोकिंगने (वर सांगितलेल्या दिव्याखालच्या चाचणीने) काहीच बदलले नाही. मग वरच्या सांध्याकडे वळा. मॉलिब्डेनम ऑक्साइड होल काढते म्हणून त्याला पी-टाइप (होल वाहणारे) समजणारे खूप भेटतात. ते एन-टाइप (इलेक्ट्रॉन वाहणारे) आहे. निर्वातात नुकत्याच बसवलेल्या थराचे वर्क फंक्शन साडेसहा इलेक्ट्रॉनव्होल्टच्याही वर असते. त्याचा कंडक्शन बँड इतका खोल की पॉलिमरच्या एचओएमओमधला (सगळ्यात वरच्या भरलेल्या पातळीतला) इलेक्ट्रॉन सरळ त्यात उडी मारतो आणि पॉलिमरमध्ये होल उरतो. सगळा खेळ हा बँड किती खोल आहे यावर चालतो, आणि हवा लागली की तो खोलपणा झपाट्याने कमी होतो. म्हणून मॉलिब्डेनम ऑक्साइड आणि चांदी यांच्यामध्ये निर्वात मोडू नका. मास्क (पदार्थ कुठे बसावा ते ठरवणारा साचा) बदलायला चेंबर उघडावाच लागत असेल तर तो ग्लोव्ह बॉक्सच्या आत उघडणारा हवा. तुमच्याकडे तसा नसेल तर एकाच मास्कमधून दोन्ही टाका, पॅटर्न थोडा कुरूप झाला तरी चालेल. जाडी सहा ते दहा नॅनोमीटर, वेग सेकंदाला ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉम. जाडी मोजणारा क्रिस्टल मॉनिटर दहा दाखवतो म्हणून काचेवर दहाच बसले असे धरू नका. आमच्या जुन्या चेंबरमध्ये दहाचे प्रत्यक्षात सहा बसत होते, क्रिस्टल पदार्थ तापवायच्या बोटीच्या जास्त जवळ होता. एकदा जाड थर टाकून प्रोफायलोमीटरने मोजा आणि टूलिंग फॅक्टर (मॉनिटरचा दुरुस्ती-गुणक) दुरुस्त करा.

आता एक रटाळ पण महत्त्वाची शंका. सगळा दोष सांध्याचाच आहे ना? तुमचा आयटीओ पंधरा ओहम प्रति चौरसाचा धरू. सेलपासून क्लिपपर्यंतची पट्टी एक सेंटिमीटर लांब आणि तीन मिलिमीटर रुंद असेल तर ते तीन-सव्वातीन चौरस झाले, म्हणजे पन्नासच्या आसपास ओहम. सेल ०.१ चौरस सेंटिमीटरचा असेल तर दोन मिलिअँपिअरला शंभर मिलिव्होल्ट त्या पट्टीतच गेले! यातून एस येत नाही, कर्व्ह सरळ रेषेत आडवा पडतो, पण फिल फॅक्टरचे दहा-बारा टक्के सहज जातात आणि आपण इंटरलेअर (राखणदार थर) बदलत बसतो. सेलच्या शक्य तितक्या जवळपर्यंत आयटीओवर चांदीचा पेंट लावा, नाहीतर मास्क बदलून चांदीची पट्टी खालीही टाका. फरक दिसला तर तो फुकटात मिळाला.

रचनाच बदलून सरळ करावी का, असे कोणी सुचवेल. त्यात होलच्या बाजूला लागणारे वाहक पॉलिमर पीडॉट-पीएसएस सोपे आहे, बाटलीतून काढा, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, स्पिन करा. पण त्याचा पीएच एक-दोनच्या आसपास, ते आयटीओ हळूहळू खाते आणि सुटलेले इंडियम वरच्या थरांत सरकते. शिवाय ते पाणी ओढते. टू-पीएसीझेडसारखे स्वतःहून एकच थर लावणारे रेणू आता त्याची जागा घेताहेत. फॉस्फॉनिक आम्लाच्या टोकाने ते आयटीओला धरतात. आमच्याकडे त्याचे निकाल छान आले, पण फक्त गुळगुळीत आयटीओवर आणि ओझोनमधून काढल्यावर काही मिनिटांत टाकले तरच. काचा दोन तास थांबल्या की एका ट्रेमधल्या सहांपैकी दोन शॉर्ट. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात रचना बदलू नका, आधी हातात असलेली समजून घ्या.

हे सगळे करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक बॅचमध्ये जुन्या पद्धतीचे दोन सबस्ट्रेट ठेवा. आमच्याकडे एकाच दिवशी, एकाच हाताने बनवलेल्या सेलमध्येही एफिशियन्सीचा अर्धा-पाऊण टक्का इकडेतिकडे होतो. तेव्हा प्रत्येक बदलाचे किमान आठ-दहा सेल मोजा आणि सरासरी लिहा. नोंदवहीत आर्द्रता, काच ओझोनमधून कधी निघाली, कधी स्पिन झाली आणि चेंबरमध्ये कधी गेली, ही वेळ लिहा. सहा महिन्यांनी हाच रकाना सगळ्यात उपयोगी पडतो.

माझा अंदाज विचाराल तर तुमचा दोष खालचा आहे: दमट हवेत टाकलेले झिंक ऑक्साइड आणि अतिनील नसलेला दिवा. पण हा अंदाजच. उद्या अंधारातला एक कर्व्ह आणि दिव्याखाली शून्य, पाच, वीस मिनिटांचे तीन कर्व्ह काढा, फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय. ते इथे टाका. सोबत दिव्याचा प्रकार, सेलचे क्षेत्रफळ आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहा. बाटली मागवायची की नाही, ते त्यानंतर बघू.